मागच्या सीटवर अमृत कोकम सांडलं, आणि वास धुतल्यानंतर सुरू झाला!

शेवंती_फोंडा:
मंडळी, सल्ला हवा आहे. आईने मे महिन्यात घातलेलं अमृत कोकम मडगावला बहिणीकडे पोचवत होते. प्लास्टिकची बाटली, झाकण नीट बसलं नव्हतं, फर्मागुडीचा उतार. मागच्या सीटवर चांगलं अर्धा लिटर गेलं असेल. सीट कापडी आहे, फिकट राखाडी. वरचं पुसून घेतलं. नुसतं चिकट होतं, वास म्हणाल तर कोकमाचा, म्हणजे चांगलाच.

मग गाडी वॉशिंग सेंटरला दिली. त्यांनी पाइपने पाणी मारलं, वर खायचा सोडा भुरभुरला, ब्रशने घासलं आणि 'बाई, उद्यापर्यंत सुकेल' म्हणून परत दिली. आता स्थिती अशी: (१) लाल डाग निळसर-राखाडी झालाय, आकाराने मोठाही. (२) दार उघडलं की आंबूस भपकारा येतो. आधी येत नव्हता! (३) मुंग्या.

बाहेर पाऊस असा की काच खाली करायची सोय नाही. गाडी विकायची नाही, नवरा बदलायचा नाही. काय करू?

चणो_भाजललो:
आधी महत्त्वाचं. बहिणीला किती पोचलं?

शेवंती_फोंडा:
@चणो, एक बाटली सुखरूप पोचली. ती बाटली बघून ती म्हणाली, 'एवढंच?'

माटोळीवाली:
ताई, भीमसेनी कापूर एका वाटीत ठेवा मागे. आमच्या गाडीत नेहमी असतो, मस्त वास येतो. किंवा कॉफी पावडर. रात्रभर ठेवून बघा.

रापणकार:
कापूर, कॉफी, लिंबू-लवंग, ते आरशाला टांगायचं झाड... हे सगळं वासावर वास चढवणं झालं. आंबलेलं कोकम अधिक कापूर म्हणजे देवळामागच्या निर्माल्याच्या टोपलीचा वास येतो. माटोळीवाली, राग नसावा.

माटोळीवाली:
राग नाही, पण मी 'मस्त वास येतो' म्हटलं, 'डाग जातो' म्हटलं नाही. नीट वाचत चला.

लिटमस_सर:
निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक बोलतोय, त्यामुळे लांबेल. ज्यांना घाई असेल त्यांनी पुढच्या प्रतिसादावर जावं.

डाग निळा का झाला, हे सोपं आहे. भिरंडाच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, सालीत जो लाल रंग असतो तो अँथोसायनिन जातीचा. जांभूळ, लाल कोबी, गोकर्णीचं फूल, सगळीकडे हेच कुटुंब. आम्लात हा रंग लाल दिसतो, अल्कलीत गेला की जांभळा, निळा, कधी हिरवटसुद्धा. खायचा सोडा अल्कली. म्हणजे सेंटरवाल्याने तुमच्या सीटवर नववीचा प्रयोग केला. मुलांना मी हाच प्रयोग सोलं भिजवलेलं पाणी आणि सोडा घेऊन करून दाखवायचो, लिटमस कागद संपलेले असायचे तेव्हा.

यात चांगली बातमी अशी की रंग बदललाय याचा अर्थ तो पक्का बसलाय असा नाही. पांढरं व्हिनेगर एक भाग, पाणी तीन भाग, असं फवाऱ्याच्या बाटलीत घालून डागावर हलकं मारा. सोडा मारला जाईल, डाग पुन्हा लालसर दिसेल. घाबरू नका, तो लाल झाल्यावर मग कोमट पाण्याने आणि फडक्याने टिपत टिपत काढायचा. व्हिनेगरचा स्वतःचा वास सुकल्यावर राहत नाही.

आणि एक. व्हिनेगर म्हणजे दुकानातलं पांढरं. घरचं माडाच्या सुरेचं नव्हे! त्याला स्वतःचा रंग असतो.

चणो_भाजललो:
सर, घरचं वापरलं तर सीटचं सोरपोतेल (आपलं व्हिनेगरमधलं डुकराचं मटण) होईल ना?

लिटमस_सर:
होईल. आणि वर्गाबाहेर उभं राहा.

हुर्राक_आणि_लिमका:
सरांनी रंगाचं सांगितलं. वासाचं मी सांगतो, कारण आमच्या घरी काजूची भट्टी होती आणि आंबण्यात आमच्या तीन पिढ्या गेल्या.

ताईंचा खरा प्रश्न कुणी पकडलाच नाही: आधी वास नव्हता, धुतल्यावर आला. का? कारण अमृत कोकम म्हणजे जवळजवळ पाक. साखर इतकी दाट असते की यीस्ट त्यात जगू शकत नाही, साखर त्याच्यातलंच पाणी ओढून घेते. म्हणून तर मुरंबा वर्षभर टिकतो. म्हणजे सीटमध्ये मुरलेलं ते कोकम नुसतं चिकटून बसलं असतं, मुंग्या आल्या असत्या, पण आंबलं नसतं. सेंटरवाल्याने पाइपने पाणी मारून त्या पाकाचं सरबत केलं. पातळ साखर, उबदार बंद गाडी, पावसाळ्यातली दमट हवा. आंबायला आणखी काय लागतं? आधी गोडसर दारूचा वास येतो, पुढे हवा लागली की आंबट, व्हिनेगरी. तुमचा भपकारा आता कुठल्या टप्प्यात आहे?

शेवंती_फोंडा:
बाप रे. पहिले दोन दिवस नवऱ्याला वाटत होतं की भाऊजी गाडीत हुर्राक (काजूची दारू) ठेवून गेले. आता आंबट.

हुर्राक_आणि_लिमका:
मग बरोबर. साखर अजून फोममध्ये आहे. ती बाहेर काढल्याशिवाय वरून काहीही मारा, वास परत येणार. पाणी घालणं सोपं असतं, घातलेलं पाणी साखर घेऊन बाहेर आलं पाहिजे. तेवढंच काम आहे, बाकी सगळं शृंगार.

अवांतर: एप्रिलमध्ये मामाने नीरोचा कॅन डिकीत ठेवला होता, काजूच्या बोंडांचा ताजा रस. रस्त्यातच आंबायला लागला, कॅन फुगला आणि उडाला. नीरो साखरेच्या पाकासारखा थांबत नाही, काही तासांत कामाला लागतो. पर्वरीला पोलिसांनी थांबवलं, काच खाली केली आणि साहेब दोन पावलं मागे गेले.

रापणकार:
मग? सोडलं?

हुर्राक_आणि_लिमका:
फुंकायला लावलं. यंत्राला गाडीच्या वासाशी देणंघेणं नाही, श्वास मोजतं. कायद्याची मर्यादा १०० मिलि रक्तात ३० मिग्रॅ, माझं शून्य. पण साहेबांना यंत्र बिघडलंय असं वाटलं, म्हणून दुसरं यंत्र मागवलं. मामा शेजारी बसून हसत होता, त्यामुळे संशय आणखी वाढला.

वाळपईकर:
खाजं घेऊन बसलोय, चालू द्या.

तिसरो_गियर:
म्हापशाला गॅरेज आहे, सीट काढण्या-बसवण्याचं काम रोजचं. वरच्या दोघांचं बरोबर आहे, पण हात कुठे घालायचा ते सांगतो.

मागची बसायची सीट बहुतेक छोट्या गाड्यांत निघते. पुढच्या कडेला खाली दोन क्लिपा असतात, कडेला धरून वर झटका दिला की सुटते. काही गाड्यांत बोल्ट असतो. मॅन्युअल बघा, जबरदस्ती करू नका. सीट बाहेर आली की अर्धं काम झालं, कारण आता ती घरात आणता येते. पडवीत, न्हाणीत, पंख्याखाली, कुठेही.

मग कोमट पाणी. उकळतं नव्हे. साखर कोमट पाण्यात झटकन विरघळते, त्यासाठी महागडा क्लीनर लागत नाही. फवाऱ्याने थोडं मारायचं, जुना सुती टॉवेल ठेवून गुडघ्याने दाबायचं. घासायचं नाही, घासलं की डाग पसरतो आणि कापडाला रोएं येतात. टॉवेल लालसर आणि चिकट येईल. पिळायचा, परत. टॉवेल चिकट लागायचा थांबेपर्यंत हेच. शेवटी शेवटी पाण्यात लहान मुलांच्या शॅम्पूचे दोन-चार थेंब, आणि मग साध्या पाण्याने तोही काढायचा. साबण राहिला की तिथेच धूळ चिकटून महिन्याभरात काळा गोल दिसतो. लोक मग म्हणतात डाग परत आला. डाग नाही, साबण आहे तो.

ओलं ओढणारा व्हॅक्यूम कुणाकडे असेल तर उत्तम, टॉवेलपेक्षा दसपट काम करतो. साधा घरातला व्हॅक्यूम लावू नका, मोटर जाईल आणि शॉकही बसेल.

आणि सीट काढल्यावर खाली बघा! सीट सुकवून बसवतात आणि खालचा नमदा तसाच राहतो. गालिच्याखाली जो जाड थर असतो तो फोमपेक्षा जास्त पाणी पितो. निम्म्या गाड्यांत वास तिथूनच येत असतो.

माटोळीवाली:
पुढच्या सीटवर सांडलं असतं तर हेच करायचं का? विचारून ठेवते. आमच्याकडे आजे सासूबाई पुढे बसतात आणि त्यांच्या हातात नेहमी काहीतरी असतं.

तिसरो_गियर:
नको. पुढच्या सीटच्या बाजूला बऱ्याच गाड्यांत एअरबॅग असते, खाली पिवळे कनेक्टर दिसतील. त्यांना घरी हात लावायचा नाही. चावी चालू असताना ते काढले तर एअरबॅगचा दिवा लागून राहतो आणि तो घालवायला स्कॅनर लागतो. शिवाय ड्रायव्हरशेजारच्या सीटच्या फोममध्ये माणूस बसलाय की नाही ते ओळखणारी पातळ पट्टी असते. २०१९ च्या जुलैपासून नव्या गाड्यांना पुढच्या दोन्ही सीटसाठी बेल्टची सूचना सक्तीची झाली, तेव्हापासून ती जवळपास सगळीकडे आली. ती भिजली की रिकाम्या सीटला बेल्ट लावा म्हणून गाडी बोंबलत राहते. एक गिऱ्हाईक घाबरून आलं होतं, म्हणे गाडीत कोणीतरी अदृश्य बसतंय. शहाळ्याचं पाणी होतं.

वाळपईकर:
वेताळाला गाऱ्हाणं घालायला हवं होतं आधी, मग गॅरेज.

स्टीम_गरम:
कशाला एवढं? स्टीम क्लीनिंग करून घ्या. वाफेने जंतू मरतात, वास जातो. पणजीत बरेच जण करतात.

तिसरो_गियर:
वाफेने वरचे जंतू मरतील. साखर तिथेच, पाणी आणखी आत, आठवड्यात नवे जंतू हजर. साखर निघाल्यावर शेवटी केलं तर हरकत नाही. आधी केलं तर कोकमाचा रंग कापडात शिजतो.

स्टीम_गरम:
माझ्या गाडीला फरक पडला होता.

तिसरो_गियर:
काय सांडलं होतं?

स्टीम_गरम:
काही नाही. जुनी गाडी घेतली होती, सिगरेटचा वास होता.

तिसरो_गियर:
मग बरोबर आहे ना बाब. तो वेगळा आजार.

सोलकढी_प्रेमी:
ज्यांची सोलकढी सांडते त्यांचं काय? (मित्रासाठी विचारतोय.)

लिटमस_सर:
तिथे साखर नसते, नारळाच्या दुधातलं तेल आणि प्रथिनं असतात. तेल खवट होतं, प्रथिनं कुजतात, त्या वासाला तोड नाही. गरम पाणी अजिबात नको, प्रथिनं गोठून धाग्यात बसतात. गार पाणी, थोडा साबण तेलासाठी, आणि मग पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळणारा एन्झाइमवाला क्लीनर. तो प्रथिनांवर चालतो. ताईंच्या साखरेला त्याची गरज नाही, पैसे वाया जातील. नारळाशिवाय केलेली फुटी कढी असेल तर मात्र नशीबवान, नुसता रंगाचा प्रश्न.

मित्राला सांगा, कढी वाटीत प्यावी.

रापणकार:
धुण्याचं झालं, पण सुकवणार कसं? गोव्यात वर्षाला ३००० मिमीच्या आसपास पाऊस, त्यातला बराचसा याच दोन महिन्यांत. आमच्याकडे रुमाल सुकत नाही आणि तुम्ही चार इंच फोम सुकवायच्या गोष्टी करताय.

माटोळीवाली:
हेअर ड्रायर?

रापणकार:
वर सुकतं, आत तसंच. हाताला कोरडं लागतं म्हणून माणूस फसतो. शिवाय जवळ धरला तर कापड खराब होऊ शकतं.

हुर्राक_आणि_लिमका:
आमच्याकडे पावसाळ्यात चुलीवरच्या माळ्यावर सगळं सुकायचं. पण मग सीटला धुराचा वास.

पेडणेचो_भाट:
सीट निघत नसेल त्यांच्यासाठी: गाडीचा एसी चालू करा, हवा आतल्या आत फिरणारी ठेवा, काचा बंद, आणि तापमान गरमकडे न्या. एसी हवेतलं पाणी ओढून खाली गाडीबाहेर टाकतो, गरम हवा फोममधलं पाणी वर आणते. अर्धा तास चालवून बघा, खाली केवढी धार लागते ती. मोकळ्यावर करा. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून नव्हे, तो धूर जीव घेतो.

सीट घरात आणली असेल तर टेबल फॅन, फोमच्या मागच्या बाजूने. कापडाच्या बाजूने वारा लावला तर पाणी आणि उरलेला रंग तिकडेच ओढला जातो, डागाची कड उमटते. फोम उलटा, उभा, खाली विटा. ज्यांच्याकडे एसीवाली खोली आहे त्यांनी दार बंद करून एक रात्र तिथे ठेवावी.

सोलकढी_प्रेमी:
ते ओलावा शोषणारे डबे मिळतात ना, कपाटात ठेवायचे? पांढरे खडे असतात, खाली पाणी जमतं. ते ठेवू का गाडीत?

लिटमस_सर:
पार्क केलेल्या गाडीत ठेवा, चालत्या गाडीत नको. ते कॅल्शियम क्लोराइड. खाली जमतं ते पाणी नसतं, खारं द्रावण असतं. ते सांडलं तर ती जागा पुन्हा सुकतच नाही, कारण तो क्षार हवेतून पाणी ओढतच राहतो. वर पत्र्याला गंज. कोकम परवडलं.

चणो_भाजललो:
म्हणजे सांडलेलं काढायला जे ठेवलं तेच सांडणार. फर्मागुडीचा उतार आहेच.

वाळपईकर:
यंदा सांजांवला (जूनमधला सेंट जॉनचा सण) आमचे चार वीर विहिरीत उड्या मारून, डोक्यावर पानाफुलांचे कोपेल तसेच ठेवून, थेट माझ्या गाडीत बसले. आठवड्याने माशेलला देवकीकृष्णाच्या देवळापुढे चिखलकाला, म्हणजे चिखलात खेळायचा उत्सव, तिथून तेच चार परत. देवकीकृष्णाचा प्रसाद म्हणून चिखल अजून सीटच्या शिवणीत आहे. सीटला मी आता हात जोडतो.

शेवंती_फोंडा:
रविवारी केलं सगळं. सीट निघाली, तिसरो_गियर दादांनी सांगितलं तशी, क्लिपांवर, फक्त एक क्लिप तुटली.

व्हिनेगर मारल्यावर निळा डाग डोळ्यांदेखत गुलाबी झाला. मुलगी नववीत आहे, तिने व्हिडिओ काढला. सर, तुमचा प्रयोग फोंड्यातल्या एका वर्गात दाखवला जाणार आहे. मग टॉवेल. पहिले किती टॉवेल लाल आले विचारू नका. नंतर फिकट, मग नुसते ओले.

आणि खालचं दादांनी सांगितलं तेच निघालं. नमदा ओला, हाताने दाबला तर पाणी वर आलं, आणि खरा वास तिथेच! सेंटरवाल्याने मारलेलं सगळं पाणी तिथे जाऊन बसलेलं. गालिचा उचलून खाली विटेचे तुकडे घातले, टेबल फॅन लावलाय. सीट भावाच्या एसीवाल्या खोलीत आहे, तो हॉलमध्ये झोपतो.

उरलेला प्रश्न: कापडावर फिकट गुलाबी छटा आहे अजून. जवळून बघितलं तरच दिसते. काही करावं का?

लिटमस_सर:
औषधाच्या दुकानात हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतं, बहुधा ६ टक्क्यांचं. तेवढंच पाणी घालून ३ टक्क्यांवर आणा. सीटच्या खालच्या बाजूला, जिथे कुणाला दिसणार नाही, तिथे थेंबभर लावून तासाभराने बघा. सीटचाच रंग उडत नसेल तर डागावर कापसाने लावा, दहा-पंधरा मिनिटांनी साध्या पाण्याने टिपा. चामड्याच्या सीटला नको. हातमोजे घाला. आणि व्हिनेगरमध्ये मिसळून एका बाटलीत मुळीच भरू नका, त्यातून डोळ्यांना आणि कातडीला झोंबणारं आम्ल तयार होतं.

रापणकार:
मी असतो तर ती छटा तशीच ठेवली असती. वर टॉवेल टाकला की झालं.

पेडणेचो_भाट:
+१, पण रेक्झिनचं कव्हर इतक्यात घालू नका. पूर्ण सुकायच्या आधी घातलं तर आतल्या आत बुरशी. आणि पुढच्या वेळी कव्हर होतंच म्हणून निश्चिंत राहू नका, शिवणीच्या भोकांतून पाक आत जातोच आणि मग कळतही नाही.

मुंग्यांचं काय झालं?

शेवंती_फोंडा:
सीट बाहेर नेल्यापासून गाडीत नाहीत. भावाच्या खोलीत दोन दिसल्या म्हणतो.

तिसरो_गियर:
म्हणजे सीटच्या शिवणीत अजून थोडी साखर आहे. शिवणीवर परत एकदा कोमट पाणी मारून टिपा, बसवायच्या आधी. मुंगी कुठून वर चढते ते बघा, तिथेच.

क्लिपेची काळजी करू नका, स्वस्तात मिळते. पण क्लिप न लावता सीट नुसती ठेवून गाडी चालवू नका, ब्रेक मारल्यावर पुढे येते. नमदा हाताला गार लागायचा थांबला की सीट बसवायची, त्याआधी नाही. चवथीच्या सामानाला गाडी लागेलच, अजून वेळ आहे.

माटोळीवाली:
आणि चवथीला नारळ, केळी, आंबाडे काय ते डिकीत. कोकम मांडीवर.

चणो_भाजललो:
कोकम बहिणीला येऊन घेऊन जायला सांगा.

शेवंती_फोंडा:
@चणो, सांगितलं. ती म्हणते तिच्या गाडीच्या सीट पांढऱ्या आहेत.